ज्वारीची भाकरी मक्याची झाली

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत माझी वीस मिनिटं होती. विषय चौथीचे अपूर्णांक. घरच्याच भाकरीचे फोटो काढून मी स्लाइड केल्या होत्या: अर्धी, पाव, पाऊण.

परिषद ज्या शाळेत होती तिथला प्रोजेक्टर लोकवर्गणीतला, बराच जुना. त्याला चित्र नेणारी फक्त निळ्या तोंडाची व्हीजीए केबल. ही व्हीजीए १९८७ साली आयबीएमच्या कॉम्प्युटरबरोबर आली. मीही त्याच सालची, त्यामुळे तिला म्हातारी म्हणवत नाही. माझ्या लॅपटॉपला नुसतं एचडीएमआय (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारं नवं तोंड), म्हणून कन्व्हर्टर कायम पर्समध्ये असतो. (पहिल्यांदा उलटा आणला होता, व्हीजीएचं एचडीएमआय करणारा. दिसायला जुळा भाऊ, पण आतली चिप एकाच दिशेने काम करते. पैसे पाण्यात.)

जोडलं तर भिंतीवर ‘नो सिग्नल’. मागून तीन सरांचे तीन सल्ले, त्यात "रिस्टार्ट मारा मॅडम" होताच. मी विंडोजचं बटण धरून पी दाबलं, डुप्लिकेट निवडलं, आणि चित्र आलं. पण कसलं! सगळ्याला कावीळ झालेली. माझी पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी भिंतीवर मक्याची दिसत होती. एक बाई म्हणाल्यासुद्धा, "मक्याची छान थापलीय हो!"

प्रोजेक्टर बंद करून केबल काढली आणि खिडकीशी नेऊन तोंडात डोकावले. पिनांच्या तीन ओळी, पाच-पाचच्या. एका सरांनी लगेच निदान केलं, "मधल्या ओळीतली तुटलीय, केबल गेली." ती तुटलेली नव्हती. ती नववी पिन, बऱ्याच केबलींना मुळातच नसते. खरी भानगड वरच्या ओळीत होती. तिथल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेणाऱ्या. तिसरी कुणीतरी घाईत केबल खुपसताना आडवी झोपवली होती. निळा पोचलाच नाही की पांढऱ्याचं पिवळं होणारच.

पदराची सेफ्टी पिन काढून तिने त्या झोपलेल्या पिनेला अलगद उचललं. मग संपलेल्या रिफिलचं मागचं पोकळ टोक तिच्यावर बसवून हळूहळू सरळ केलं. जोर लावला असता तर मोडली असती. एवढा वेळ वर्गात कुणी बोललं नाही, जणू मी डोळ्यातलं कुसळ काढत होते. परत जोडून दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. हे स्क्रू कुणी पिळतच नाही, मग केबल लोंबते आणि दोष प्रोजेक्टरला. भाकरी पांढरी झाली.

शेवटी पोरांचा छोटा व्हिडिओ होता, तो मुका. व्हीजीएतून आवाज जात नाही हे माहीत होतं, पण लॅपटॉपही गप्प! त्याने आवाज परस्पर एचडीएमआयकडे धाडला होता. खाली स्पीकरच्या खुणेवर जाऊन लॅपटॉपचाच स्पीकर निवडला आणि परिपाठाचा माइक त्याच्याजवळ धरला.

वीस मिनिटांतली नऊ उरली होती. पाऊण भाकरीपर्यंत पोचले.

संध्याकाळी ग्रुपवर परिषदेचा अहवाल आला. केंद्रप्रमुखांनी फोटो आधीच काढून ठेवला होता. मी हसतमुख उभी आणि मागे भिंतीवर मक्याची भाकरी.