नदीने नेलेला गॉगल

नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरत तीन दिवसांत ती समुद्राला मिळते त्या मुखापर्यंत कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, न्यायची, असा आम्हा दोघांचा बेत होता, आणि पहिल्याच सकाळी दोन तासांच्या आत माझा गॉगल नदीने नेला. एका वळणावर प्रवाहाने कयाक आडवी केली, मी कलंडलो आणि पाण्यातून डोके वर काढेपर्यंत डोळ्यांवर काही उरले नव्हते. बहुतेक गॉगल पाण्यात टाकले की सरळ तळ गाठतात. हे ठाऊक असूनही मी बराच वेळ प्रवाहाकडे आशेने पाहत राहिलो.

सोबत्याने त्याच्याजवळचा जादा गॉगल दिला. तो गडद आणि रुबाबदार होता, पण पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची झळाळी अडवणाऱ्या काचेचा, नव्हता. गडद काच झाडे, खडक, नकाशा सगळेच सारखे काळवंडून टाकते आणि त्यात पाण्यावरची झळाळी तेवढीच खुपत राहते. टोपीचाही इथे फारसा उपयोग होत नाही, कारण तिची झडप वरचे ऊन अडवते आणि पाण्यावरचा उजेड खालून येतो. संध्याकाळी डोळे चुरचुरत होते आणि कपाळ ठणकत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा पोलराइज्ड गॉगल तासभर मागून घेतला. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा आडव्या दिशेने कंप पावतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंशांवर असला आणि आपण त्याच्या दिशेने पाण्याकडे पाहत असलो, की हा परिणाम सर्वाधिक जाणवतो. म्हणून सकाळी मधल्या वेळी मला पाण्याखालचे दगड अचानक दिसू लागले आणि आदल्या दिवशी मी कशावर आपटलो असेन याचाही अंदाज आला. सूर्य अगदी मावळतीला टेकला की मात्र परावर्तित प्रकाश तितकासा एकाच दिशेचा राहत नाही आणि काचेची जादू ओसरते. एक गैरसोयही आहे: या काचेतून मोबाइलचा पडदा काही कोनांत काळाठिक्कर दिसतो, त्यामुळे दिशा पाहण्यासाठी मला मान वाकडी करावी लागत होती.

अतिनील किरणांचे संरक्षण ही याहून वेगळी बाब आहे. ते काचेच्या गडदपणावर अवलंबून नसते, उलट संरक्षण नसलेल्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण अधिक आत शिरतात. म्हणून गॉगलवर 'यूव्ही 400', म्हणजे अतिनील किरण अडवण्याची खूण, लिहिलेली पाहावी. काचा शक्यतो पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकच्या असाव्यात, कारण डोळ्यासमोर खरी काच फुटण्याची कल्पनाही नको वाटते. बाजूंनी वळलेली चौकट कडेचा उजेड अडवते, पण फार घट्ट बसली तर आतून वाफ धरते.

खरा धडा मात्र दोरीचा होता. दुसऱ्या रात्री मी झोपायच्या फोमच्या चटईच्या कडेचा एक तुकडा कापला, तो दोरीत ओवला, दोरीची टोके उसन्या गॉगलच्या दोन्ही दांड्यांना बांधली आणि सगळे स्वयंपाकाच्या पातेल्यात सोडले. गॉगल तुकड्यासकट बुडाला. तुकडा दुपटीने मोठा केल्यावर तो तरंगला. मला वाटते, विकत घेतलेल्या तरंगत्या पट्टीचीही अशीच परीक्षा घ्यावी, कारण पट्टी एकटी तरंगली म्हणून जड चौकटीसह तरंगेलच असे नाही. दोरी मानेमागे आवळून बसेल इतकी आखूड ठेवली. मोकळा फास फांदीत किंवा वल्ह्यात अडकू शकतो.

तिसऱ्या दिवशी मुखाजवळच्या फुटत्या लाटेत मी पुन्हा पालथा झालो. वर आलो तेव्हा गॉगल कपाळावर सरकला होता, पण दोरीने धरून ठेवला होता. काचांवर मीठ वाळू लागले होते. सदऱ्याने पुसण्याचा मोह झाला, पण मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात, म्हणून पिण्याच्या पाण्यातले दोन घोट त्यावर ओतले आणि मग किनाऱ्याकडे वल्हवू लागलो.