मुंबई ४

परवा दुपारी पुन्हा फोन आला. माझ्या जुन्या बीटवर, म्हणजे मी टपाल वाटायचो त्या भागात, आता जो पोस्टमन मुलगा आहे, त्याचा. "काका, एक स्पीड पोस्ट आहे. खोली नंबर सतरा, मधला जिना, मुगभाट. वॉचमन म्हणतो, असला पत्ता इथे नाही." मी म्हटलं, रस्त्यावरच्या काचेच्या टॉवरला विचारू नकोस. त्याच्या बाजूने पार्किंगची वाट आत जाते, तिथे मागे एक बारीक उंच इमारत आहे, तिच्यात जा. मधल्या जिन्याची माणसं सातव्या आणि आठव्या मजल्यावर आहेत. सतरा नंबर बहुतेक आठवर, लिफ्टच्या डाव्या हाताला. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, 'मिळाले'.

मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. १९८१ ला टपाल खात्यात लागलो, २०१८ ला बाहेर पडलो. मधली एकवीस वर्षं गिरगावातच टपाल वाटलं. जन्मही तिथलाच, म्हणजे ज्या वाड्यांमध्ये शर्टाची बटणं तुटेपर्यंत खेळलो, त्याच वाड्यांमध्ये पुढे खाकी घालून फिरलो. राहायला आता डोंबिवलीत आहे. पण कोणी विचारलं, मूळ कुठले, तर तोंडातून गावाच्याही आधी 'मुंबई चार' निघतं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याच्या आधी मुंबईला नुसते विभागांचे आकडे होते आणि गिरगावचा आकडा चार. पिनकोड आला तेव्हा तोच चार शेवटी राहिला, ४००००४. म्हाताऱ्या माणसांनी पुढचे आकडे कधी लिहिलेच नाहीत. 'गिरगाव, मुंबई ४' एवढ्यावर कोकणातून, इंदूरहून, बेळगावहून टपाल यायचं आणि पोचायचं.

पोचायचं, कारण पत्त्याच्या वरच्या ओळी पक्क्या असत. खोली, मजला, जिना, चाळ, वाडी. त्यातला वाडी हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी, खोताची वाडी. मुगभाट आणि बोरभाटातलं 'भाट' म्हणजेसुद्धा बागायतच. एके काळी इथे माड आणि झाडं होती, त्यांच्यात घरं आली, मग चाळी आल्या. झाडं गेली तरी नावं राहिली. सकाळी टपाल आलं की आम्ही ते आधी वाडीप्रमाणे लावायचो, मग चाळीप्रमाणे, मग जिन्याप्रमाणे. हात आपोआप चालायचा. कांदेवाडीच्या खणात लग्नसराईत नुसते गठ्ठे, कारण पत्रिकांची दुकानं तिथलीच. तिथेच केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. केळेवाडीत साहित्य संघ. खोताच्या वाडीत डिसेंबरात परदेशी तिकिटांची पाकिटं, तिथल्या ख्रिस्ती घरांची मुलं कुठे कुठे पांगलेली. पाकीट हातात घेतलं की ते कुठल्या लाकडी गॅलरीत जाणार, हे दिसायचं.

आणि चढायचं. चाळीत टपालाच्या पेट्या खाली नसत, असल्या तरी कोणी वापरत नसे. तीन मजले, लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, आधाराला वरून सोडलेली दोरी. पावसाळ्यात ती दोरी ओली आणि गार लागायची. गॅलरीत पाय टाकला की "टपाल" अशी एक हाक द्यायची. ज्याच्या दाराला कुलूप, त्याचं साधं टपाल शेजारी घेत. "द्या इकडे, शाळेत गेल्यात त्या, चारला येतील." चारला येतात हे मलाही माहीत असायचं. दिवाळीत पोस्त मिळायचं, कुणी पाच रुपये, कुणी दहा, आणि फराळाची पुडी घरोघरी. फणसवाडीत एक आजी होत्या, त्यांचा मुलगा मस्कतला. पत्र मीच वाचायचो. त्या म्हणायच्या, "आधी तारीख वाच." तारीख ऐकून बोटांवर दिवस मोजायच्या, लिहिल्याला किती झाले ते, आणि मगच "हं, आता वाच" म्हणून उभ्याच ऐकायच्या. मी कधी त्यांना बसून ऐकताना पाहिलं नाही.

आता त्या चाळी का पडल्या, हे ज्यांनी तिथे दिवस काढलेत त्यांना सांगावं लागत नाही. भाडं गोठलेलं, १९४७ च्या कायद्यापासून. महिन्याला वीस-पंचवीस रुपये येणाऱ्या मालकाने दुरुस्ती कशातून करायची? ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे गेली, आमच्या इमारती उपकरप्राप्त झाल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या. दुरुस्ती म्हणजे पुष्कळदा टेकू. दर पावसाळ्याआधी गॅलरीखाली नवा लाकडी टेकू यायचा आणि जुना तसाच राहायचा. माझ्या बीटवर असे जिने होते की त्यांच्या तळाशी टेकूंमधून अंग चोरून जावं लागे. रात्री वासा पडल्याच्या बातम्या सकाळी टपाल वाटताना मला पहिल्या कळायच्या. अशा घरात माणसं जन्मभर राहावीत, असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी आईसुद्धा म्हणाली नाही. आमची खोली दहा बाय बारा, त्यात मोरी आणि पोटमाळा. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते, ते १९९८ ला गेले. संडास गॅलरीच्या टोकाला, चौदा खोल्यांना चार. आईचे गुडघे गेले, तेव्हा रात्री उठायला नको म्हणून ती संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायची नाही. हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुनर्विकासासाठी तेव्हा ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची. बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा आमच्या जिन्यावर पहिली सही आईने केली. २२५ चौरस फूट, आत संडास-न्हाणी, लिफ्ट. पुढे नियम बदलून किमान ३०० चौरस फूट झाले. तिला आकड्यांचं काही नव्हतं. "दार लावून घेता येईल," एवढंच ती म्हणायची.

२००८ च्या मे महिन्यात चाळ पाडली. आईला मी डोंबिवलीला आणलं, धाकटा भाऊ जवळच भाड्याने राहिला. भाडं बिल्डर देणार होता. दीड वर्ष दिलं आणि थांबवलं. कामही जोत्यापाशी थांबलं. पत्र्याच्या आत खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात शेवाळ. मी रोज त्या पत्र्यावरून जायचो, कारण ती माझी बीट होती. आई संध्याकाळी विचारायची, "किती वर आलं?" सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग "चाललंय" म्हणायला लागलो. २०१३ मध्ये ती गेली. इमारत उभी राहिली २०१६ ला. ह्या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

त्या २००८ च्याच ऑक्टोबरअखेरची सकाळ आठवते. सॉर्टिंगला बसलो होतो. हातात एक पत्रिका आली. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाची, त्रिपुरारी पौर्णिमेच्या उत्सवाची. दरवर्षी यायची, देवस्थानच्या जुन्या यादीप्रमाणे, बाबांच्या नावाने. खोली, जिना, चाळ, वाडी, मुंबई ४. पत्ता पूर्ण, अक्षर सुवाच्य, चूक काहीच नाही, फक्त ती जागा नव्हती. टपाल पोचवता आलं नाही की आम्ही पाकिटावर कारण लिहितो: दार बंद, घेण्यास नकार, पत्ता अपुरा, सोडून गेले. 'इमारत पाडली' असा रिमार्क आम्हाला कोणी शिकवला नव्हता. मी तो हाताने लिहिला, खाली डोंबिवलीचा पत्ता लिहिला आणि पत्रिका पुढे पाठवली. खिशात घालून संध्याकाळी आईला देता आली असती. दिली नाही; टपालाने जावी असं वाटलं. चौथ्या दिवशी ती घरी पोचली. आईने आधी माझं अक्षर ओळखलं, मग शिक्का बघितला.

त्यानंतर दहा वर्षांत तो रिमार्क मी इतक्यांदा लिहिला की मोजणं सोडून दिलं. आणि तेव्हाच एक वही सुरू केली. डाव्या पानावर चाळीचं नाव, जिना, खोल्या. उजव्या पानावर लोक कुठे गेले: विरार, बदलापूर, कांदिवली, 'मुलीकडे ठाण्याला'. नवी इमारत झाली की तिचं नाव आणि मजला. कारण परत आलेली माणसं एका जागी येत नाहीत. पुष्कळदा लॉटरी निघते, तिन्ही जिन्यांची सरमिसळ होते. जे तीस वर्षं एकमेकांच्या दारातून जात-येत होते, त्यांच्यात आता सहा मजले असतात.

इमारतींची नावं तर मला अजून पाठ होत नाहीत. बिल्डरने विकायला बांधलेल्या रस्त्यावरच्या टॉवरला कसलंतरी इंग्रजी नाव असतं, ते उद्या वांद्र्याला लावलं तरी चालेल आणि परवा नोएडाला. आमची मागची इमारत त्याच नावाचा 'विंग बी'. वाडीचं नाव कुठेच नाही. जागा लहान मिळाली, समोर टॉवरची भिंत आली, दुपारी दिवा लावावा लागतो, हे सगळं मी समजू शकतो. जमिनीचा हिशेब असतो. पण नाव ठेवायला एक चौरस फूटही लागत नाही. आमच्याच रस्त्यावर मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ ला देशातला पहिला बोलपट तिथे लागला. तो पाडून बाजार बांधला, पण नाव ठेवलं, मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर. ज्यांनी ते थिएटर डोळ्यांनी पाहिलं नाही, तेही आज 'मॅजेस्टिकजवळ भेट' म्हणतात आणि भेटतात. मग फणसवाडीतल्या इमारतीवर फणसवाडी लिहायला काय हरकत आहे? भावाच्या सोसायटीच्या सभेत मी हे बोललो. मी सभासद नाही, तरी बोलू दिलं. जुन्या मंडळींनी माना डोलावल्या. एका तरुण मुलीने विचारलं, "काका, म्हणजे नक्की काय लिहायचं? वाडी की चाळ?" मी म्हटलं, दोन्ही. तिने लिहून घेतलं. पुढे काय झालं नाही, पण तिने लिहून घेतलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली, आरे ते कफ परेड. गिरगाव आणि काळबादेवी ह्या दोन स्थानकांसाठी माझ्या ओळखीचे काही जिने गेले. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर पत्रे लागले तेव्हा मी अजून नोकरीत होतो. खाली खोदकाम आणि वर शंभरी गाठलेल्या भिंती, लोक रात्री जागे असायचे. मेट्रो नको असं माझं म्हणणं नाही. नोव्हेंबरात डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरून तिने गेलो, तर दोन स्टेशनांत गिरगाव. गार, स्वच्छ. स्टेशनात मोठ्या अक्षरात 'गिरगाव' लिहिलेलं आहे, ते मी थोडा वेळ उभं राहून बघितलं. नाव दिसलं की बरं वाटतं.

वर येऊन माझी बीट चाललो. सगळी नाही, गुडघे आता माझेही आईसारखे झालेत. जिथे माझा सकाळचा पहिला जिना होता तिथे गाड्या चढायचा उतार आहे. खोताच्या वाडीत अजून काही लाकडी घरं उभी आहेत, तिथे जरा रेंगाळलो. बेडेकरांच्या दुकानातून मसाला घेतला, कारण आई घ्यायची. चार ठिकाणी वॉचमनने अडवलं, "किसके पास जाना है?" एकवीस वर्षं मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी प्रत्येक ठिकाणी खरंखुरं एक नाव आणि खोली सांगितली. दोन ठिकाणी वर सोडलं, चहाही झाला.

शेवटी भावाकडे. तळाला, पार्किंगच्या भिंतीवर टपालपेट्यांची रांग आहे, पत्र्याच्या, करड्या. वर जायच्या आधी सवयीने भावाच्या पेटीत डोकावलो. वीजबिल, बँकेचं काहीतरी आणि खाली ती पत्रिका. त्रिपुरारी पौर्णिमेची, पौर्णिमा होऊन आठवडा झालेला. बाबांच्या नावाने. खोली नंबर, दुसरा जिना, चाळ, वाडी, मुंबई ४. छापील लेबल आहे आता, पण यादी तीच. आणि पत्त्याखाली, शिसपेन्सिलीने, त्या मुलाच्या तिरक्या अक्षरात: 'बी विंग, ११०३'.

ह्या पत्त्यासाठी त्याने मला फोन केला नव्हता. वही तो गेल्या वर्षी डोंबिवलीला येऊन झेरॉक्स करून घेऊन गेला होता.