फेरिटिन ५१२०

लॅबच्या खिडकीशी सहसा दोनच प्रश्न येतात, रिपोर्ट कधी मिळेल आणि बाथरूम कुठंय. त्या दुपारी एका मुलीच्या वडिलांकडून तिसरा आला. "मॅडम, मशीन चुकलं असंल का?"

त्यांची मुलगी नऊ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर: रक्त नीट बनत नाही, सतत चढवावं लागतं, आणि त्यातलं लोह अंगात साचत जातं. भावाचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळला होता, बोनमॅरो ट्रान्सप्लांटची तारीख ठरायची होती. सकाळी तिचं फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) लावलं तर मशीनने '२००० च्या वर' म्हणून हात टेकले. दहापट पातळ करून लावलं, ५१२. म्हणजे ५१२०. महिन्यापूर्वी २३०० होतं. कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) तपासले, नव्याने पातळ करून पुन्हा लावलं. तेच. रिपोर्ट सोडला.

"हिनं गोळ्या चुकवल्यात," ते बायकोकडे न बघता म्हणाले. डेफेरासिरॉक्स, म्हणजे साचलेलं लोह उतरवायचं औषध, रोज पाण्यात विरघळवून पाजायचं काम आईचं. ती भिंतीला टेकून एवढंच म्हणाली, "एक बी दिवस चुकला न्हाई."

त्यांची भीती खोटी नव्हती. यकृतात लोह साचलेलं असलं की ट्रान्सप्लांटच्या केमोत तेच नडतं. यकृतातल्या बारीक शिरा बंद पडू शकतात, जंतूंनाही रान मोकळं मिळतं. इटलीत पेसारोला डॉ. लुकारेल्लींनी अशा मुलांचे धोक्यानुसार तीन वर्ग पाडले, ते तीन गोष्टी बघून: यकृत वाढलंय का, त्यात फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा) आहे का, आणि लोह उतरवायचं औषध नियमित झालंय का. हे तिसरं डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलेलं. (फेरिटिनचा आकडा त्या तिनांत नाहीच, पण घरच्यांना तोच पाठ असतो.)

रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नव्हे. पण हिशेब जमेना. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह, तिला महिन्याला दोन पिशव्या. गोळ्या बंद असत्या तरी महिन्यात एवढी उडी? मी तिचा फॉर्म काढला. कोपऱ्यात लिहिलं होतं: ताप, चार दिवस. आकडा पुन्हा पुन्हा तपासला, फॉर्म एकदाही नाही वाचला! तापात, सुजेत फेरिटिन लोह न वाढताही चढतं, हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्याच नमुन्यावर सीआरपी (अंगात सूज किंवा संसर्ग असला की वाढणारी तपासणी) लावायला सांगितलं. पाचच्या आत हवं, ७८ आलं. नवऱ्याबायकोला त्यांनीच वर बोलावून समजावलं. खाली उतरताना रिपोर्टांची जाड फाइल वडिलांच्या काखेत होती. येताना ती आईकडे होती.

तीन आठवड्यांनी २४१०. यकृतातलं लोह एमआरआयवर मोजलं, मग तारीख ठरली.

दीड वर्षाने डे-केअरला नमुना घ्यायला गेले तर तिघं तिथे. भावाच्या पेशी रुजल्या होत्या, रक्त चढवणं थांबलं होतं. पण जुनं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नसते, म्हणून आता दर पंधरा दिवसांनी तिचं रक्त काढत होते, किलोमागे सहा मिली.

"डोनर शोधत गावं पालथी घातली," वडील भरत्या पिशवीकडे बघत म्हणाले. "हे कुणाला चालंल का हो?"

"नाही चालत."

सिस्टरने ती पिवळ्या डब्यात टाकेपर्यंत ते बघत राहिले.