सिएरा लिओन: फी माफ झाली, गुरुजींच्या पगाराचं काय?

पश्चिम आफ्रिकेतल्या या देशाची राजधानी फ्रीटाऊन, पण विमान तिथे नाही, खाडीपलीकडे लुंगीला उतरतं. शहरात यायला वॉटर टॅक्सी महाग पण झटपट. फेरी स्वस्त, पण वेळ खाते. रात्री पोहोचणार असाल तर बोटीचं आधीच ठरवा. पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड हाताशी ठेवा आणि मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका.

फ्रीटाऊन ते बो हे आतलं शहर साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चांगला आहे. पोडा-पोडा, म्हणजे तिथली खच्चून भरलेली व्हॅन. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून सकाळी लवकर स्टँड गाठा.

बोजवळच्या एका खेड्यातली प्राथमिक शाळा बघितली. तिघांच्या बाकावर पाच जण, एका पुस्तकावर चार डोकी. 2018 मध्ये सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतली फी माफ केली आणि मुलांची रीघ लागली. हे पाऊल मोठंच. पण चौथीचे गुरुजी सरकारी पगारपत्रकावर नाहीत. पालक तांदूळ, पामतेल आणून देतात, पेरणीला गुरुजींच्या शेतात राबतात. शाळा सुटली की गुरुजी खडूचे हात धुऊन कसाव्याच्या (एक कंदमूळ) शेताकडे निघतात. असे बिनपगारी शिक्षक देशभर हजारोंनी आहेत. त्यांचा पगार सुरू होत नाही तोवर ही फीमाफी अर्धीच, असं माझं स्पष्ट मत आहे. गणवेश, डबा, येण्याजाण्याचा खर्च घरच्यांवरच आहे. शाळेआधी डोक्यावर टोपली घेऊन शेंगदाणे विकणाऱ्या मुली जागोजागी दिसतात.

1991 ते 2002 यादवी युद्ध, मग 2014 ची इबोलाची साथ. शाळा जवळपास नऊ महिने बंद होत्या, त्याच सुमारास लोखंडाच्या खनिजाचे भाव कोसळले आणि खाणी बंद पडल्या. वर गरोदर मुलींना शाळेत यायला बंदी! ती 2020 मध्ये उठली, तोवर कितीतरी जणींचं शिक्षण सुटलं.

शाळा बघायची तर आधी गावच्या चीफला भेटा, मग मुख्याध्यापकांना. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, पेनं-चॉकलेटं वाटत सुटू नका. काही द्यायचंच असेल तर काय हवंय ते शाळा समितीला विचारा आणि वस्तू बोच्या बाजारातूनच घ्या.

कार्डाच्या भरवशावर राहू नका, डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या. 2022 मध्ये लिओन या तिथल्या चलनावरची तीन शून्यं उडाली, तरी काही विक्रेते जुन्याच हिशोबात भाव सांगतात. आधी विचारून घ्या. जुलै-ऑगस्ट टाळाच: पाऊस धो-धो, आणि शाळांना सुट्टी.