‘दोष आढळला नाही’: एअर पिस्तूलच्या वॉरंटीचा माझा अनुभव

माझी मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. तिच्यासाठी आम्ही नामांकित परदेशी कंपनीचं पिस्तूल घेतलं, दोन लाखांच्या आसपास. खरेदी, कागदपत्रं, डिलिव्हरी, कुठेच अडचण आली नाही. अडचण आली ती वॉरंटीत.

काही महिन्यांनी तिचे शॉट विचित्र जायला लागले. थोडी विश्रांती घेऊन पिस्तूल उचललं की पहिला शॉट वर, पुढचे जागेवर. सरांना आधी तिच्या मनगटाची शंका आली. तिनं ग्रिप बदलून पाहिली, वेगळे छर्रे वापरून पाहिले. पोरगी रात्र रात्र स्वतःलाच दोष देत होती, ते मी विसरणार नाही. शेवटी सरांनी पिस्तूल क्लॅम्पमध्ये बसवलं आणि क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लावला. चूक तिची नव्हती. पिस्तूल पाच मिनिटं तसंच ठेवलं की पहिल्या छर्ऱ्याचा वेग वाढत होता. सिलेंडरमधली 200 बारची हवा रेग्युलेटर कमी दाबावर आणतो. त्याचं सील धड नसेल तर पिस्तूल नुसतं ठेवलेलं असतानाही आत दाब चढत राहतो. वेग 150 वरून 160 मीटर प्रति सेकंद झाला तर दहा मीटरवर छर्रा जवळपास तीन मिलिमीटर वर लागतो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे काठावरचा दहा सरळ नऊ होतो.

सर्व्हिस सेंटर परराज्यात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुरियरवाल्यानं ‘पिस्तूल’ शब्द ऐकताच पार्सल परत सरकवलं. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही आणि हे तर सहा ज्यूलच्या आसपासचं, हे सांगूनही तो ऐकेना. क्लबच्या लेटरहेडवरचं पत्र, बिलाची प्रत आणि रिकामा केलेला सिलेंडर दाखवल्यावर दुसऱ्या एका कुरियरनं घेतलं. सिलेंडर भरलेला असेल तर कुणीच घेत नाही.

मग सुरू झालं ते वाट बघणं. फोन लागायचा नाही. लागला तर, “मॅडम, टेक्निशियन बाहेर आहेत.” आमचे मेल उत्तराविना पडून. तिकडे स्पर्धा तोंडावर आली आणि मुलगी क्लबच्या जुन्या पिस्तूलवर सराव करत राहिली. ट्रिगर वेगळा, वजन वेगळं. महिनोन्‌महिने घडवलेला हात मोडायला तेवढं पुरतं. अखेर पिस्तूल परत आलं, सोबत एक चिठ्ठी: ‘दोष आढळला नाही.’ एकही रीडिंग जोडलेलं नाही. मी फोनवर विचारलं, “पाच मिनिटं थांबून पहिला शॉट तपासलात का?” उत्तर आलं, “आम्ही पाच शॉट लागोपाठ मारले, सगळे ठीक आहेत. मुलीला प्रॅक्टिस वाढवायला सांगा.”

त्या वाक्यानं त्या ब्रँडवरचा माझा विश्वास उडाला. बिघाड कुठल्याही यंत्रात होतो. 2021 मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल भर स्पर्धेत बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पण दोष कधी दिसतो हे लेखी कळवूनही तो तसा तपासायचा नाही आणि खापर पोरीवर फोडायचं, हे मला सहन झालं नाही.

मी क्रोनोग्राफच्या रीडिंगचा व्हिडिओ केला, घड्याळ दिसेल असा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आयातदाराला लेखी नोटीस पाठवली: दुरुस्ती झाली नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र मुदत दोन वर्षांची आहे, ती फोनाफोनीत घालवू नका. त्यानंतर मात्र त्यांचाच फोन आला. सील बदललं गेलं, पहिला शॉटही आता जागेवर लागतो. झाल्या प्रकाराबद्दल खुलासा किंवा दिलगिरीचा शब्द आजपर्यंत आलेला नाही. तिचं पुढचं पिस्तूल या कंपनीचं नसेल, हे घरात ठरलंय.

पार्सल देण्यापूर्वी पिस्तूलचा सिरियल नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवा. आणि पिस्तूल नवं घ्या की जुनं, सिलेंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. साधारण दहा वर्षांनी तो बाद होतो आणि स्पर्धेतल्या तपासणीत अडवला जाऊ शकतो.