औषधानं माज येतो, अंगात ताकद येत नाही

मेंढ्यांच्या वाड्यावर गेलो की मेंढपाळ हटकून विचारतात: "डॉक्टर, औषध देऊन मेंढ्या वेळेआधी गाभण करता येतील का?" त्यामागचं गणित मला कळतं. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि बाजाराला नर तयार हवेत. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

माज, म्हणजे मेंढीची नर घेण्याची वेळ, औषधानं नक्की आणता येतो. प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असलेला स्पंज मेंढीच्या योनीमार्गात 12 ते 14 दिवस ठेवायचा. तो काढताना पीएमएसजी या बीजं पिकवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं. बहुतेक मेंढ्या दोन-तीन दिवसांत माजावर येतात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं असे स्पंज देशातच तयार केलेत.

पण थंड देशांत याची गरज वेगळी आहे. तिथल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, एरवी नाही. आपली दख्खनी मेंढी दिवसाच्या लांबीला तेवढी बांधलेली नाही. उन्हाळ्यात ती थांबते ती बहुतेक वेळा उपासमारीनं. हाडं लागणाऱ्या मेंढीला औषधानं माज आणला तरी गर्भ टिकेल याचा भरवसा नाही. पीएमएसजी जास्त झालं तर दोन-तीन कोकरं होतात आणि आईला एकापुरतंही दूध नसतं. अशी कोकरं मरताना पाहवत नाहीत.

म्हणून मी आधी खुराक सांगतो. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलो मका द्या. नर महिनाभर इतका लांब ठेवा की त्याचा वास किंवा आवाजही मेंढ्यांपर्यंत पोचू नये. मग एकदम कळपात सोडा. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतून बीज सुटतं, पण माज दिसत नाही. तो दिसायला अडीच-तीन आठवडे लागतात. एवढा धीर धरलात तर मक्याशिवाय खर्च जवळजवळ शून्य.

कळप बंदिस्त असेल, चारा साठवलेला असेल, तर स्पंज जरूर वापरा, पण पशुवैद्यकाच्या हातून आणि मेंढी गाभण नाही याची खात्री करूनच. सगळ्या एकदम माजावर येणार, तेव्हा दहा मेंढ्यांमागे एक नर हवा.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्यांना मात्र मी नाही म्हणतो. मेंढी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते, म्हणून स्पंज लावायच्या आधीच तेवढे महिने पुढे मोजून बघा. विण्याच्या त्या आठवड्यात तुम्ही घाटात असाल, तर अख्ख्या कळपाची कोकरं घोड्यावर मावणार नाहीत.