वीस गुंठे माहेरी, फ्लॅट सासरी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करते आणि माझे निम्मे काम वारसाहक्काचे असते. जिंकलेल्या प्रकरणाबद्दल वकील सहसा लिहीत बसत नाहीत. मी मात्र जिंकलेल्याच प्रकरणाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे.

ज्यांच्या मालमत्तेचा प्रश्न होता त्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सत्तरच्या दशकात त्यांचे लग्न झाले, वर्षाच्या आत पती वारला आणि दिवसकार्य उरकल्यावर सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडले. वडिलांनी डी.एड. करवले, नोकरी लागली, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी स्वतःच्या पगारावर काढले. दुसरे लग्न केले नाही, मूल नव्हते. भाऊ आणि भावजय वारल्यावर त्यांची एकुलती मुलगी या आत्याजवळच वाढली आणि शेवटच्या आजारपणात तिनेच सगळे केले. मागे राहिले ते तालुक्याच्या गावातला एक फ्लॅट, बँकेतल्या मुदत ठेवी, आणि वडिलांकडून वारसाने आलेली वीस गुंठे जमीन.

ठेवींवर भाचीचे नामनिर्देशन होते. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे दिले की बँक मोकळी होते. पुढे खरा वारस कोण, हे ज्याचे त्याने पाहायचे. बँकिंग नियमन कायद्यात कलम ४५-झेडए घातले गेले ते एवढ्यासाठीच. तरीही शाखाधिकाऱ्यांनी आडनाव वेगळे आणि रक्कम मोठी म्हणून ‘कोर्टातून आणा’ असे सांगितले. बँकांचे हे धोरण माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय करते, पण ते बेकायदा भित्रेपणाचे आहे हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. मग भाचीने ठेवींसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राचा आणि स्थावरासाठी वारस दाखल्याचा असे दोन अर्ज केले. हा वारस दाखला १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो; कंपनी सरकारच्या काळातला तो कायदा आमच्याकडच्या दिवाणी न्यायालयांत आजही रोज चालतो. अर्ज केला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेला तो चौकोन हितसंबंधितांशिवाय कोणी वाचत नाही. हा चौकोन मृताच्या दिरांच्या दोन मुलांनी वाचला आणि थोरला ते कात्रण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माझ्याकडे आला.

“मॅडम, काकू आमच्या. आमचा काही हक्क लागतो का?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

लागत होता. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू स्त्रीची मालमत्ता आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे, आणि आईवडील येतात ते त्यानंतर. ही उतरंड ऐकल्यावर अशील बायका हमखास विचारतात, “म्हणजे माझी आई जिवंत असली तरी दीर आधी?” होय, दीर आधी. पुरुषाच्या वारसांची यादी कलम ८ मध्ये आहे; तिच्यात आई पहिल्या वर्गात बसते आणि बायकोच्या माहेरचा एकही माणूस कोणत्याच वर्गात सापडत नाही. पतीचे वारस कसे ठरवायचे, तेही कलम १६ सांगते: मालमत्ता पतीचीच होती आणि तो पत्नीच्या मृत्यूनंतर लगेच मृत्युपत्राविना वारला, असे समजायचे. चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी गेलेल्या माणसाला कायदा क्षणभर जिवंत करतो, बायकोची कमाई त्याच्या नावावर लावतो आणि पुन्हा मारतो. ती कमाई मग त्याच्या भावाच्या मुलांना मिळते. मी हरकत दाखल केली.

लक्षात राहिला तो दिवस थोरल्या पुतण्याच्या उलटतपासणीचा. समोरचे वकील तालुक्यातले, वयाने ज्येष्ठ, मोठ्याने बोलण्याची सवय असलेले. त्यांच्याकडून मी भावनिक प्रश्नांची अपेक्षा केली होती. त्यांनी एकही तसा प्रश्न विचारला नाही. त्यांनी एका जुन्या फेरफाराची प्रमाणित प्रत पुढे केली. मृताचा पती वारल्यावर त्याच्या वाट्याच्या जमिनीचा तो फेरफार होता आणि पक्षकाराच्या वडिलांच्या जबाबावरून त्यात नोंद झाली होती: ‘मयत अविवाहित, भावाशिवाय वारस नाही’. वकिलांनी ती ओळ साक्षीदाराला वाचायला लावली. मग त्याने स्वतः तीन वर्षांपूर्वी तहसील कार्यालयात दिलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत दाखवली. तिच्यातही चुलत्याच्या चौकटीपुढे रेघ नव्हती, पत्नीचा रकाना कोरा होता.

“जमिनीच्या वेळी तुमचे चुलते अविवाहित होते आणि आज फ्लॅटच्या वेळी विवाहित आहेत, असे तुमचे म्हणणे आहे का?”

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी हरकत घेऊ शकले असते, कारण त्या फेरफाराचा या फ्लॅटशी कायद्याने काडीचा संबंध नव्हता. पण तो संबंध नाही हे सांगण्यासाठीच मला उभे राहावे लागले असते, म्हणून मी बसूनच राहिले. तो म्हणाला, “ते वडिलांनी केलेलं आहे. मला माहीत नव्हतं.” मला वाटते, तो खरे बोलत होता. विधवेचा वाटा तिला न विचारता गायब करण्यासाठी हक्कसोडपत्राचीसुद्धा गरज नसते. तलाठ्यापुढे एक जबाब आणि दोन पंच पुरतात, आणि पुढच्या पिढीला सातबारा स्वच्छच दिसतो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वंशावळ अजूनही घरातला कर्ता पुरुषच सांगतो.

भाचीच्या बाजूने आणखी एक कागद होता. बाईंच्या हजेरीवहीसारख्या लांबट वहीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात, तारीख घालून लिहिले होते की माझ्यामागे माझे जे काही आहे ते सर्व माझ्या भाचीचे. खाली सही होती. साक्षीदार नव्हते. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्या मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष व्हाव्या लागतात. अक्षर बाईंचे आहे, यावर मी वादही घातला नाही. तरी तो कागद मृत्युपत्र म्हणून वाचता येत नव्हता.

मृत्युपत्र करणे हे आमच्या कामातले स्वस्तात स्वस्त आणि लोक सर्वांत जास्त टाळतात असे काम आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साध्या कागदावर हाताने लिहिले तरी चालते. मी करून देते तेव्हा काही गोष्टींवर अडून बसते. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने बरेच लहान हवेत, कारण पुढे कोर्टात उभे राहून ‘माझ्यासमोर सही केली’ असे सांगायला निदान एक तरी मागे उरला पाहिजे. समवयस्क मित्रांच्या सह्या घेतलेली मृत्युपत्रे मी अनाथ झालेली पाहिली आहेत. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा हवा. प्रत्येक पानावर सही हवी. ज्याला काही मिळणार आहे तो त्या वेळी खोलीतसुद्धा नको. शिक्षिका बाईंनी आयुष्यभर इतरांचे दाखले आणि प्रगतिपुस्तके बिनचूक भरली होती. त्यांना कोणी एवढे सांगितले असते तर शाळेतल्या दोन तरुण सहकाऱ्यांच्या सह्यांत हे प्रकरण संपले असते. नामनिर्देशन केले की काम झाले, असा त्यांचा समज होता. तसाच समज मला भेटणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो, बँकेतल्या लोकांचाही.

युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीश मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. “जमीन अर्जदाराकडे जाते, हे तुम्हाला मान्य आहे ना?” मान्य असणे भाग होते. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे निपुत्रिक स्त्रीला आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि पतीकडून किंवा सासऱ्याकडून आलेली पतीच्या वारसांकडे. म्हणजे बाईंना त्या फेरफारात वाटा मिळाला असता तरी तोही शेवटी माझ्या पक्षकारांकडेच आला असता. निकालाच्या परिशिष्टात मालमत्तेचे तीन अनुक्रमांक होते: वीस गुंठे भाचीला, फ्लॅट पुतण्यांना, ठेवी पुतण्यांना. वडिलांनी दिलेले माहेरी गेले. बाईंनी स्वतः मिळवलेले सगळे सासरी गेले, जिथे त्या वर्षभरही राहिल्या नव्हत्या. १९५६ साली कायदा करणाऱ्यांनी स्त्रीकडे मालमत्ता येण्याच्या दोनच वाटा डोळ्यांसमोर ठेवल्या असाव्यात, वडिलांची आणि पतीची. पगाराची तिसरी वाट त्यांना दिसली नसेल, तर ते मी समजू शकते. ती आजही दिसत नाही, हे समजणे अवघड जाते.

कारण प्रश्न नवा नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात, जवळजवळ हीच कहाणी होती: लग्नानंतर तीन महिन्यांत वैधव्य, सासरहून हकालपट्टी, माहेरच्यांनी दिलेले शिक्षण, नोकरी, भविष्य निर्वाह निधी. न्यायालयाने सांगितले की सहानुभूतीने हक्क ठरत नाहीत, आणि मालमत्ता सासरकडे दिली. माझ्या संपूर्ण युक्तिवादाचा कणा तो निकाल होता आणि समोरच्या वकिलांना तो ठाऊक होता. त्याच्या आदल्या वर्षी विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात सुचवले होते की अशी स्वकष्टार्जित मालमत्ता पतीचे वारस आणि माहेरचे वारस यांच्यात वाटली जावी. ती शिफारस कायद्यात आली नाही. आली असती तरी मला ती अर्धवटच वाटली असती: फ्लॅटचा निम्मा हिस्सा त्या दोघांना मिळावा, यालाही मला कारण सापडत नाही. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ही तरतूद लिंगभेद करणारी ठरवली, पण १९८३ चा त्याच न्यायालयाच्या खंडपीठाचा, म्हणजे एकाहून अधिक न्यायमूर्तींचा, निकाल नेमका उलट आहे, आणि खालच्या न्यायालयात खंडपीठ पुढे करणाऱ्याचेच चालते. मीच ते पुढे केले होते.

आमच्या निकालानंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कलमाच्या वैधतेचा प्रश्न खुला ठेवून स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले आणि असे वाद दाव्यापूर्वी मध्यस्थीकडे नेण्यास सांगितले. आवाहन योग्यच आहे, पण ते छप्पर गळते म्हणून घरातल्यांना छत्र्या बाळगायला सांगण्यासारखे आहे. ज्या बायकांना मृत्युपत्राची सर्वांत जास्त गरज आहे, एकट्या, निपुत्रिक, सासरने टाकलेल्या, त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसे? कायद्यात एक पोटकलम वाढवावे, स्वतः मिळवलेली मालमत्ता आधी आईवडिलांकडे आणि मग वडिलांच्या वारसांकडे जावी, हे मसुदा करायला अर्धा तास लागत नाही. मी तो एका कंटाळवाण्या दुपारी बार रूममध्ये बसून केलाही. संसदेने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला, तेव्हा हे कलम समोरच होते.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात भाचीने तिच्या वकिलांसमोर मला विचारले, “मॅडम, फ्लॅटमधल्या सामानाचं काय? आत्याचं शिलाई मशीन आहे, भांडी आहेत.” मी तुमच्या वकिलांना विचारा असे म्हटले. ते उत्तर नियमाला धरून होते. त्यांनी तिला काय सांगितले असेल हे मला माहीत होते, कारण कायद्याने मशीनही पुतण्यांचेच होते. मी थोरल्याला बाजूला घेऊन सामान तिला नेऊ द्यावे असे सांगितले आणि त्याने एका शब्दाने होकार दिला.

भाचीने अपील केले आहे आणि तिच्या वकिलांनी मध्यस्थीचा प्रस्ताव पाठवला आहे: ठेवी पुतण्यांनी घ्याव्यात, फ्लॅट तिला द्यावा. पुतण्यांना मी लेखी कळवले की हे मान्य करण्याचे कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. तोंडी मी असेही सांगितले की माझ्या मते ते मान्य करावे आणि त्यासोबत तो फेरफार आठवावा. थोरला म्हणाला, विचार करून सांगतो. धाकट्याने फ्लॅट दोघांच्या नावावर करण्यासाठी सोसायटीला अर्ज देऊन टाकला आहे आणि त्याची पोच मला व्हॉट्सॲपवर पाठवली आहे.